खिडकीखालच्या खाटेची घंटी

४ जानेवारी

वॉर्डात उभ्याने दिवस काढणाऱ्या माझ्या सगळ्या भगिनींनो,

तुमचं-माझं एक दुखणं सारखं आहे आणि त्यावर कुठल्याही दुकानात गोळी मिळत नाही. आपल्याला एका शब्दात गुंडाळतात. वर्षानुवर्षं एकाच वॉर्डात राबलेली बाई एका नातेवाइकावर एकदा चिडते आणि त्या दिवसापासून ती ‘तुसडी’ होते. पेशंटशी दोन वाक्यं जास्त बोलली की ‘गप्पिष्ट’. डॉक्टरांना उलट प्रश्न विचारला की ‘अतिशहाणी’. शब्द एकदा चिकटला की आपल्या कामाकडे कुणी बघत नाही. बदली झाली तरी आपण पोचायच्या आधी तो शब्द नव्या वॉर्डात खुर्ची ओढून बसलेला असतो.

झोंबतं ना? मग छातीवर हात ठेवून सांगा, आपण काय वेगळं करतो?

ड्यूटी बदलते. जाणारी सिस्टर येणारीला ओव्हर देते. पेशंट कसे आहेत ते एकीने दुसरीला सांगायचं, एवढंच ते काम. कुठे सांगतो आपण? काउंटरपाशी, चहाचा कप हातात धरून. ‘तो कोपऱ्यातला कटकट्या आहे. दाराजवळची रडूबाई. मधला हावरट, सारखं इंजेक्शन मागतो.’ येणारीने त्या माणसाचं तोंडही अजून पाहिलेलं नसतं आणि निकाल लागलेला असतो. ज्याला असं नाव पडतं त्याच्या खाटेकडे आपली पावलं उशिरा वळतात. त्याचं दुखणं हे दुखणं राहत नाही, त्याचा स्वभाव होऊन बसतं. मी गेली कित्येक वर्षं हेच तपासते आहे आणि दर वेळी माझी मान खाली जाते.

म्हणून हा अभ्यास. यापुढे तुमच्या वॉर्डात ओव्हर काउंटरपाशी होणार नाही. खाटेपाशी, पेशंटच्या उशाशी, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात होईल. जे त्याच्या तोंडावर बोलता येत नाही ते त्याच्या पाठीमागेही बोलायचं नाही. प्रत्येक खाटेची घंटी किती वाजते ते यंत्र आपोआप टिपून ठेवेल. ज्याचं ऐकून घेतलं जातं त्याला वारंवार घंटी वाजवावी लागत नाही, असं माझं म्हणणं आहे, आणि ते मी सिद्ध करून दाखवणार आहे.

तुमचीच, हॉस्टेलातली ‘तोफ’

ता. क. वहिनी, वरचं सगळं भिंतीवर लाव. हे फक्त तुझ्यासाठी. आई पडल्याचं दादाने फोनवर सांगितलं. खुब्याचं ऑपरेशन झालं की तिला तुझ्याच वॉर्डात घे. मला इथून, परदेशातून, लगेच निघणं जमणार नाही, अभ्यास नुकता सुरू होतो आहे. तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. आणि मला पत्रच लिही, त्याचा फोटो पाठव म्हणजे लगेच मिळेल. फोनवर आपण दोघी एकमेकींना बोलू देत नाही.

&nbsp;

१२ जानेवारी

तोफ वन्सं,

फोनवर एकच जण दुसरीला बोलू देत नाही आणि ती मी नव्हे. असो.

पत्रक भिंतीवर लावलं. मेट्रननी वाचलं आणि म्हणाल्या, ‘तुमच्या नणंदबाईंना सांगा, आम्हाला चहाही प्यायला मिळत नाही.’ पण मुलींनी मनावर घेतलंय. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्या कोपऱ्यातल्या आजोबांच्या खाटेभोवती उभ्या राहिलो तर ते घाबरून म्हणाले, ‘काय हो सिस्टर, गेलो की काय मी? सगळ्या जमलात म्हणून विचारतो.’ हसून पुरेवाट झाली. आता त्यांना सवय झाली आहे. आपली ओव्हर स्वतःच देतात, तीही अर्धी खोटी.

दुपारी माझ्याकडून ओव्हर घेणारी एक मुलगी आहे, आम्ही तिला भिंगरी म्हणतो. एका जागी उभी म्हणून राहत नाही. तुझं पत्रक तिने पाठ केलंय. मला म्हणते, ‘इन्चार्ज सिस्टर, मलाही भिंगरी म्हणायचं नाही आता, हे नाव पाडणं झालं.’ मी म्हटलं, ‘तुझ्या तोंडावर म्हणते ना? मग चालतं.’

आता आईंचं. ऑपरेशन चांगलं झालं. खिडकीखालची खाट दिली आहे, उजेड येतो. घंटीची वायर उशीजवळ बांधून दिली. पण सारखी वाजवतात गं. पोटरी आतून ओढते म्हणतात, पाय जड झालाय म्हणतात, उशी नीट करा, जरा चोळून द्या. मी चोळू दिलं नाही, ऑपरेशनच्या पायाला उगाच हात नको म्हणून. डॉक्टर राऊंडला आले तेव्हा विचारलं. ते म्हणाले, रक्ताची गाठ होऊ नये म्हणून इंजेक्शन चालू आहे, या वयात एवढं दुखणारच, लक्ष ठेवा. लक्ष ठेवतेच आहे. पण मी सून आहे. मी धावले तर मुली म्हणतात घरचं माणूस म्हणून धावते, नाही धावले तर तुझा भाऊ घरी माझं तोंड बघत नाही.

तू लेक आहेस, शिवाय आमच्यात सगळ्यात शिकलेली. तूच सांग. हे त्यांचं दुखणं आहे की स्वभाव? तू सांगशील तसं करेन.

तुझी वहिनी

&nbsp;

१६ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून हसूही आलं आणि रागही आला. हसू आजोबांचं, राग आईचा.

तू या घरात लग्न करून आलीस, मी या घरात जन्मले. तुला माहीत नाही ते मी सांगते. मला नर्सिंगला प्रवेश मिळाला त्या आठवड्यात आईच्या छातीत कळ आली. मी हॉस्टेलला निघाले तेव्हा तिला घेरी आली. परदेशचं पत्र हातात पडलं त्या दिवशी तिला उभंच राहता येईना, आणि मी विमानात बसल्याच्या दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या बाईंबरोबर बाजारात होती! दर वेळी डॉक्टर बोलावले, दर वेळी काही निघालं नाही. आई वाईट नाही. आई नाटकी आहे. तिला दुखत नसतं, तिला कुणीतरी जवळ बसायला हवं असतं. तुझ्या भाबड्या नवऱ्याला हे कधी कळलं नाही, म्हणून तो आयुष्यभर पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यापुढे उभा राहिला.

तू प्रत्येक घंटीला धावलीस तर ती सगळा वॉर्ड नाचवेल आणि ज्यांना खरंच दुखतंय ते ताटकळत राहतील. प्रेमाने वाग, पण फार मनावर घेऊ नकोस. तुझ्या मुलींनाही सांगून ठेव, म्हणजे त्या तुझ्या सासूला इतरांपेक्षा जास्त भाव देणार नाहीत. हे मी लेक म्हणून लिहिते आणि परिचारिका म्हणूनही.

इकडे परवा माझं भाषण झालं. सभागृह भरलेलं. मी विचारलं, ‘ज्या बाईला तुम्ही एका शब्दात संपवलंत, ती तुमची आई असती तर?’ अर्ध्या जणी रडत होत्या. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या सिस्टरने येऊन माझे हात धरले. वहिनी, अशा वेळी वाटतं की घर सोडलं ते चुकलं नाही.

तुझी तोफ

&nbsp;

२१ जानेवारी

तोफ,

तुझं औषध लागू पडलं बाई.

तू लिहिलंस ते मी दुपारच्या ओव्हरला भिंगरीला सांगितलं. आणि तुझाच नियम म्हणून काउंटरपाशी नाही, खिडकीखालच्या खाटेशी उभं राहून सांगितलं. मनात जरा कचरले, पण मागे बोलायचं नाही असं तूच म्हणतेस. म्हटलं, ‘आईंच्या लेकीचं पत्र आलंय, ती स्वतः मोठी सिस्टर आहे. ती म्हणते आई जरा नाटकी आहेत, घंटीला फार धावू नका, प्रेमाने वागा.’ सगळ्या हसल्या. आईही हसल्या. भिंगरी त्यांच्या गालाला हात लावून म्हणाली, ‘काय आई, पकडलं की नाही?’ संध्याकाळी तिने रात्रपाळीलाही तेच सांगितलं.

तेव्हापासून घंटी जवळजवळ बंद. विचारलं की ‘बरं आहे’. दुखतंय का विचारलं तरी ‘बरं आहे’. चालायला उठवायला गेलो तर म्हणतात, ‘आज नको, तुम्हाला किती कामं.’ अंगावरची चादर काही सोडत नाहीत. पाय बघू म्हटलं तर ‘उगाच कशाला’ म्हणून गुडघ्याखाली घट्ट खोचून घेतात. मुलींना तर आता त्या फार आवडायला लागल्यात. आजोबा म्हणाले, ‘खिडकीतली बाई एकदम शहाण्यासारखी वागायला लागली, आता आम्हीच वाईट दिसतो.’

घंटी टिपणाऱ्या यंत्राचा कागद सोबत पाठवते, तुला हवा होता ना.

मला मात्र या ‘बरं आहे’चं काय करावं ते कळत नाही. कौतुक करावं की काय.

वहिनी

&nbsp;

२४ जानेवारी

वहिनी, वहिनी, वहिनी!

कौतुकच कर! तुला कल्पना नाही तू काय पाठवलंयस. ज्या ज्या रुग्णालयांत हा अभ्यास चालला आहे त्या सगळ्यांच्या खाटांत खिडकीखालच्या खाटेची आलेखावरची रेघ सर्वांत सरळ खाली आली आहे. आधी डोंगर आणि मग सपाट मैदान. माझ्या विभागप्रमुखांनी तो कागद भिंतीवर टाचला. म्हणाले, ‘हिचं ऐकून घेतलं गेलं, म्हणून ही गप्प झाली.’ मी त्यांना सांगितलं नाही की ती माझी आई आहे. अभ्यासात नाव येत नाही, येऊही नये. पण मनात म्हटलं, आईने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाला हातभार लावला.

मार्चमध्ये परिचारिकांची परिषद आहे, तिथे पडद्यावर हीच रेघ दाखवणार. आईला सांग, तिची लेक तिच्यावर खूश आहे. आणि हो, चालायचं मात्र टाळू देऊ नकोस, जरा दटाव. नाटक्यांना दटावलेलं आवडतं, लक्ष दिल्यासारखं वाटतं.

घाईत, तोफ

&nbsp;

९ फेब्रुवारी

वहिनी,

घरात आपण समोरासमोर बसलो होतो आणि तू माझ्याशी बोलली नाहीस. आईला स्मशानात पोचवून आल्यावर दादा भिंतीकडे तोंड करून बसला आणि तू भांडी घासत राहिलीस. म्हणून परत आल्यावर लिहिते आहे. आता मीही गप्प बसणार नाही.

पायातल्या शिरेत रक्ताची गाठ झाली. ती सुटली आणि फुफ्फुसात जाऊन बसली. हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही शिकवतात! सुजलेली पोटरी, ओढ लागणं, जडपणा. इतके दिवस ती बाई तुमच्या नजरेसमोर होती आणि एकीलाही चादर वर करून पाय बघावासा वाटला नाही?

निघायच्या आदल्या दिवशी मी वॉर्डात आले होते. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, ‘ती पळापळ करणारी सिस्टर तुमच्या आईच्या उशाशी उभी राहून सांगत होती, ही नाटकी आहे, घंटीला फार धावू नका.’ माझ्या आईला! माझ्याच अभ्यासात! मी त्याच पावली मेट्रनकडे लेखी तक्रार दिली. चौकशी बसते आहे. मला त्या मुलीची बदली नको, तिचा गणवेश उतरलेला हवा. असल्या एका तोंडापायी आपण सगळ्या बदनाम होतो.

आता तू म्हणशील, पत्र तू लिहिलंस. हो, लिहिलं. घरातलं, खासगी, एका नणंदेनं वहिनीला. लेक आईला काहीही म्हणते. लेकीच्या शब्दावर पाय बघायचा सोडतात का? तुला इन्चार्ज कशाला केलंय? मी ‘प्रेमाने वाग’ असंही लिहिलं होतं, ते बरं विसरलीस.

एक काम कर. चौकशीत माझ्या पत्राचा विषय काढू नकोस. माझ्यासाठी नाही. इतका मोठा अभ्यास एका घरगुती वाक्यापायी मातीत जाईल आणि त्यातून ज्या हजारो रुग्णांचं भलं व्हायचं ते होणार नाही. आईलाही ते आवडलं नसतं. भिंगरीने जे तोंडाने उच्चारलं ते तिने निस्तरावं.

तू

(वरची सही चुकली, माझ्या नावाच्या जागी ‘तू’ लिहिलं गेलं. डोकं ठिकाणावर नाही.)

तोफ

&nbsp;

१३ फेब्रुवारी

वन्सं,

पाय मी बघायला हवा होता. चादर ओढून काढायला हवी होती, आई ओरडल्या असत्या तरी. हे मी चौकशीतही सांगणार आहे आणि त्याची जी शिक्षा असेल ती घेणार आहे. ते माझं. आता तुझं ऐक.

त्या दुपारी ओव्हर झाली, मुली पुढच्या खाटेकडे गेल्या, तेव्हा आईंनी माझा पदर धरला. गणवेशावर पदर नसतो, पण त्यांना तो सापडायचाच, बाहीला धरलं. विचारलं, ‘हे तिने लिहिलंय?’ मी म्हटलं, ‘हो आई, गमतीत.’ त्या म्हणाल्या, ‘तिचं बरोबर असेल. ती एवढं शिकलेली आहे.’ आणि उशीजवळची घंटीची वायर सोडून, पुढे वाकून त्यांनी स्वतःच्या हाताने खाटेच्या पायथ्याच्या दांडीला गुंडाळली. आडवं झाल्यावर हात पोचणार नाही इतकी लांब. मला वाटलं, रुसल्या. मी ती परत बांधली नाही.

पुढचे सगळे दिवस ती वायर तिथेच होती. ज्या रेघेला तुझ्या साहेबांनी भिंतीवर टाचलं ती त्या वायरीची रेघ आहे. ती खाट अभ्यासातून वगळ.

तुझं ‘खूश आहे’ मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, ‘कशावर खूश?’ मी म्हटलं, ‘तुम्ही आता घंटी वाजवत नाही, यावर.’ त्यांनी मान हलवली, शाळेत पोर शाबासकी घेतं तशी. त्या दिवसापासून पाणी हवं असलं तरी आम्ही जवळून जाईपर्यंत थांबायच्या.

शेवटच्या दिवशी सकाळी मला त्यांना धाप लागल्यासारखी वाटली. विचारलं. म्हणाल्या, ‘कुशीवर वळले म्हणून.’ दुपारी ओव्हरला आम्ही नेहमीसारख्या खाटेशी उभ्या राहिलो. मी म्हणाले, ‘खिडकीखालच्या आई. शांत. काही तक्रार नाही.’ भिंगरीने मान डोलावली, त्यांच्याकडे बघून हसली आणि तिचं हसू तोंडावरच राहिलं. तिनेच आधी ओळखलं. खाटेवर चढून तीच छाती दाबत राहिली, हाताखाली बरगडी वाजली तरी थांबली नाही. डॉक्टरांनी दोनदा ‘पुरे’ म्हटलं तरी ती उतरेना. तिला आम्ही दोघींनी धरून उतरवलं. तू जिचा गणवेश उतरवायला निघालीस ती ही मुलगी. तिचा गुन्हा एवढाच, की तिने तुझं पत्रक पाठ केलं आणि तुझं पत्र ऐकलं.

तू म्हणतेस, लेक आईला काहीही म्हणते. म्हणू दे. पण मी लेकीला विचारलं नव्हतं. मी मोठ्या सिस्टरला विचारलं होतं, दुखणं की स्वभाव. आणि तू परिचारिका म्हणून उत्तर दिलंस, तसं लिहिलंसही. पाय न बघता, आईला एक प्रश्न न विचारता, समुद्रापलीकडून. तुझ्याच पत्रकातल्या काउंटरपाशी चहा पीत उभ्या असलेल्या बाईसारखं!

तुझं पत्र मी चौकशी समितीपुढे ठेवणार. तू त्याआधी तक्रार मागे घेतलीस तर मला तुझं नावही काढावं लागणार नाही. भिंगरीला वाचव. आईंना वाचवता आलं नाही, हिला येईल.

वहिनी

&nbsp;

१ मार्च

वहिनी,

समितीचा निर्णय तुला माझ्याआधी कळला असेल. तू पत्र पुढे ठेवलंस. त्यांनी मला फोनवर विचारलं, मी काहीच नाकारलं नाही. म्हटलं, माझं आहे, घरगुती आहे, संदर्भ सोडून वाचलं गेलं. त्यांना ते पटलं. रुग्णालयाबाहेरच्या माणसाचं खासगी पत्र म्हणजे आदेश नव्हे, असं त्यांनी लिहिलं आहे, आणि ते बरोबरच आहे. आदेश पाळायचा की नाही हे तिथे उभ्या असलेल्या माणसाने ठरवायचं असतं.

त्या मुलीला काढलं याचं मला वाईट वाटत नाही असं नाही. तुला कपड्यांच्या कोठारात बसवलं, तेही मी मागितलं नव्हतं. पण तू स्वतःच ‘पाय मी बघायला हवा होता’ असं लेखी दिलंस, तर ते काय करणार? दादाला समजाव, त्याने माझा फोन उचलायचं सोडलंय.

तू म्हणतेस ती खाट अभ्यासातून वगळ. मी शांतपणे विचार केला. वगळता येणार नाही. नको असलेला पेशंट आकड्यांतून काढून टाकणं म्हणजे लबाडी. शिवाय गाठ सुटणं आणि घंटी कमी वाजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घंटी तर कमीच वाजली ना? तेवढंच मी मांडते.

पुढच्या आठवड्यात परिषद आहे, तुमच्याच गावात, मुख्य सभागृहात. भाषण मी आईला अर्पण केलं आहे. पहिल्या रांगेत तुझ्यासाठी खुर्ची राखून ठेवायला सांगितली आहे. ये. झालं-गेलं विसरून जाऊ.

तोफ

&nbsp;

५ मार्च

वॉर्डात उभ्याने दिवस काढणाऱ्या माझ्या सगळ्या भगिनींनो,

ही सुरुवात माझी नाही. दोन महिन्यांपूर्वी माझ्या नणंदेने तुम्हाला याच शब्दांनी हाक मारली होती आणि ते पत्रक मीच आपल्या हाताने भिंतीवर लावलं होतं. तेव्हा मी इन्चार्ज होते. आता कोठारात चादरींच्या घड्या घालते. चादर या वस्तूचा मला फार राग आहे, तरी घालते.

तिच्या पत्रकातला शब्द न् शब्द खरा आहे. ओव्हर उशाशीच द्यावी, हेही खरं आहे. ते सोडू नका. पण उशाशी उभं राहून सुरी फिरवली तरी ती सुरीच असते, हे तिने लिहिलं नव्हतं आणि मला कळलं नव्हतं. काउंटरपाशी उच्चारलेला शब्द म्हाताऱ्या बाईला निदान ऐकू तरी जात नाही. ती वेडी घंटी वाजवत राहते, वाजवता वाजवता एखादवेळी जगतेही. आम्ही तिच्या तोंडावर, प्रेमाने, हसत, तिला सांगितलं की तुझं दुखणं खोटं आहे, आणि हे तुझ्या पोटच्या पोरीचं मत आहे. त्यावर तिने काय करायचं होतं? तिने लेकीची अब्रू राखली. गप्प बसली. गप्प बसून मेली.

आणि त्या गप्प बसण्याला यश म्हणतात! ती रेघ उद्याच्या परिषदेत पडद्यावर झळकणार आहे. तिच्याकडे बोट दाखवून आपल्याला सांगितलं जाणार आहे की जिचं ऐकून घेतलं जातं तिची घंटी थांबते. यापुढे गावोगावच्या वॉर्डांत शांत पेशंट दिसला की सिस्टर समाधानाने पुढच्या खाटेकडे जाईल. त्या सिस्टरच्या जागी तुम्ही असाल. त्या खाटेवर कुणाची आई असेल ते मला माहीत नाही.

भिंगरी तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्यातल्या कितीजणींना तिने आपली सुट्टी मोडून ड्यूटी बदलून दिली आहे! ती आता घरी आहे. तिच्या नावापुढे एक शब्द लागला आहे, ‘काढलेली’. ती कुठल्याही दवाखान्यात पोचायच्या आधी तो शब्द तिथे जाऊन बसलेला असेल. माझी नणंद याच गोष्टीवर रडू येईल असं बोलते. उद्याही बोलेल. तुम्ही रडालही. तिचं बोलणं मी हॉस्टेलात असल्यापासून ऐकते आहे. तिच्याइतकं चांगलं बोलणारं आपल्यात कुणी नाही.

म्हणून तिला वादात हरवायला जाऊ नका. घोषणा नकोत, सभात्याग नको. मला पहिल्या रांगेतली खुर्ची आली आहे. मी तिथे बसणार नाही, मागे दाराशी उभी राहीन, आणि भिंगरीला माझ्या शेजारी उभी करीन. तुमच्याकडून मला एकच हवं आहे. पडद्यावर ती रेघ आली, डोंगर संपून सपाट मैदान सुरू झालं, की तुमच्यातल्या एकीने उठायचं. ती बसली की दुसरीने. दुसरी बसली की तिसरीने. प्रत्येकीने हाच एक प्रश्न विचारायचा आणि माझ्या नणंदेच्या तोंडून उत्तर येईपर्यंत विचारत राहायचं:

‘ताई, खिडकीखालच्या खाटेची घंटी कुणी बंद केली?’